जुन्या मोटरसायकलला मागचा टायर: योग्य माप ठरवण्याची पद्धत

जुन्या गाडीचा मागचा टायर बदलताना चूक बहुतेक वेळा दुकानात पोहोचण्याआधीच झालेली असते. जुन्या टायरवरचा आकडा पाहून तोच मागितला जातो, किंवा "एक नंबर जाड टाका" असं सांगितलं जातं, किंवा दुकानदार हातात देईल तो घेतला जातो. मग चेन कव्हरला टायर घासतो, डबलसीट बसल्यावर मडगार्डला लागतो, वळणावर गाडी जड वाटते, आणि दोष शॉकअबवर किंवा चेसीवर टाकला जातो.

खरं तर माप तीन गोष्टी ठरवतात: रिमची रुंदी, चिमट्यातली (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्ममधली) मोकळी जागा आणि मागच्या चाकावर पडणारं वजन. टायरचा आकडा त्यानंतर येतो. म्हणून खालचा क्रम बदलू नका. आधी मोजमाप, मग खरेदी.

उदाहरणं आपल्याकडे अजून भरपूर फिरणाऱ्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्यांची घेतली आहेत: जुनी स्प्लेंडर, आरएक्स १००, जुनी बुलेट. पद्धत मात्र कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडते.

## तयारी: काय जवळ हवं

मेजरटेप, व्हर्नियर कॅलिपर (नसेल तर स्टीलची पट्टी आणि दोन गुण्या), खडू, टॉर्च, तारेचा ब्रश, थोडी कणीक, वही आणि पेन. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेत लावा. मागच्या टायरमध्ये नेहमीची हवा भरा. हवा कमी असलेल्या टायरची रुंदी आणि उंची दोन्ही चुकीची येतात आणि पुढचा सगळा हिशोब बिघडतो.

## १. मूळ माप शोधा, जुन्या टायरवर विसंबू नका

पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला आजवर चार-पाच टायर लागून गेलेले असतात. मधल्या कुणीतरी जाड टायर टाकला असेल तर तुम्ही त्याचीच चूक पुढे नेता. मूळ माप मालकाच्या मॅन्युअलमध्ये सापडतं. काही गाड्यांना चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतो, पण जुन्या गाडीवर तो बहुधा पुसलेला असतो.

नेहमीच्या गाड्यांची मूळ मापं अशी:

- जुनी स्प्लेंडर: पुढे आणि मागे २.७५-१८. मात्र हे दोन टायर सारखे नाहीत. त्याबद्दल टप्पा ५ मध्ये.
- आरएक्स १००: पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८.
- जुनी बुलेट: पुढे आणि मागे ३.२५-१९.

सावधान: गाडीचं नाव सारखं म्हणून चाक सारखं नसतं. सुरुवातीच्या पल्सरला १८ इंची चाकं होती, नंतर १७ इंची आली. जुन्या बुलेटचं मागचं चाक १९ इंची, तर क्लासिक मालिकेतल्या गाड्यांचं १८ इंची. "पल्सरचा मागचा द्या", "बुलेटचा द्या" एवढंच सांगून आणलेला टायर परत करायची वेळ येते ती यामुळेच. त्यात जुन्या गाडीचं अख्खं चाकच कधीतरी दुसऱ्या मॉडेलचं बसवलेलं असू शकतं. म्हणून मूळ माप लिहून ठेवा आणि ते अंतिम न मानता रिमकडे वळा.

## २. रिम वाचा, मग मोजा

रिमवर माप ठोकलेलं असतं, बहुतेकदा व्हॉल्व्हच्या छिद्राजवळ किंवा आऱ्यांच्या मधल्या भागात. गंजाखाली किंवा क्रोमच्या थराखाली ते दिसत नाही. तारेच्या ब्रशने हलकेच घासा आणि टॉर्च तिरका धरून पाहा. "१.६० × १८" किंवा "डब्ल्यूएम १ – १८" असा ठसा दिसेल. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास, दोन्ही इंचात.

जुन्या डब्ल्यूएम खुणांचा अर्थ:

- डब्ल्यूएम ० म्हणजे १.५० इंच
- डब्ल्यूएम १ म्हणजे १.६० इंच (सुमारे ४१ मिमी)
- डब्ल्यूएम २ म्हणजे १.८५ इंच (४७ मिमी)
- डब्ल्यूएम ३ म्हणजे २.१५ इंच (सुमारे ५५ मिमी)

ठसा मिळालाच नाही तर मोजावं लागतं, आणि इथे दोन ठरलेल्या चुका होतात.

पहिली चूक रुंदीची. रिमची रुंदी म्हणजे दोन्ही कडांच्या आतल्या भिंतींमधलं अंतर, जिथे टायरची तार (टायरच्या आतल्या काठातली तारेची कडी) बसते तिथलं. टायर बसलेला असताना ते मोजता येत नाही, म्हणून लोक बाहेरून कॅलिपर लावतात. कडांच्या वळलेल्या जाडीमुळे बाहेरचं माप १० ते १५ मिमी जास्त येतं. ४१ मिमीची १.६० रिम बाहेरून ५४ मिमी भरते, म्हणजे नेमकी २.१५ रिमसारखी दिसते. त्या भरवशावर १००/९० टायर घेतला की फसगत ठरलेली. ठसा नसेल तर जुना टायर एका बाजूने उतरवून आतूनच मोजा.

दुसरी चूक व्यासाची. इथेही टायरची तार टेकते ती बैठक मोजायची असते, रिमची बाहेरची कड नाही. १८ इंची रिमची बाहेरची कड ते समोरची कड मोजली तर साधारण १९ इंच भरते. त्यावरून १९ इंची टायर आणणारे कमी नाहीत.

तपासा: व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. १७, १८ आणि १९ मध्ये "जवळपास" असं काही नसतं. टायर रेटून बसवला किंवा सैल बसला, तरी तार तुटते किंवा चालत्या गाडीत टायर रिमवरून सुटतो.

रिम हातात असताना आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. चाक फिरवून चिमट्याला पेन टेकवून धरा. रिमची कड पेनपासून २ मिमीपेक्षा जास्त आत-बाहेर होत असेल तर नव्या टायरआधी आरे कसून चाक सरळ करून घ्यावं लागेल. मग एकेक आरा पान्याने हलकेच वाजवा. बहुतेक आरे सारखा टणक आवाज देतात, सैल आरा बद्द वाजतो. वाकड्या रिमवर मापाचा टायरही घासतो आणि मग टायरचं माप बदनाम होतं.

## ३. कोणत्या रिमवर कोणता टायर

टायरची मापं दोन पद्धतींनी लिहिली जातात. "२.७५-१८" ही इंचाची पद्धत: रुंदी २.७५ इंच, रिम १८ इंच. तिथे उंचीचा आकडा नसतो, उंची साधारण रुंदीइतकीच धरायची. "१००/९०-१८" ही मिलिमीटरची पद्धत: रुंदी १०० मिमी, उंची तिच्या ९० टक्के म्हणजे ९० मिमी, रिम पुन्हा १८ इंच.

इंचाचे टायर प्रत्यक्षात आकड्यापेक्षा थोडे जास्त भरतात. २.७५ इंच म्हणजे ७० मिमी, पण बसवलेला टायर ७५ मिमीच्या आसपास असतो. त्यामुळे २.७५ च्या जागी बाजारात ८०/१०० मिळतो तो फार जाड नाही. स्प्लेंडरलाच नंतर कंपनीकडून ८०/१००-१८ येऊ लागला.

रिमच्या रुंदीनुसार:

- १.६० रिम: २.७५ अगदी योग्य. ३.०० आणि ८०/१०० चालतात. त्यापुढे जाऊ नका.
- १.८५ रिम: ३.००, ३.२५, ८०/१०० योग्य. ३.५० आणि ९०/९० चालतात, पण ती शेवटची मर्यादा.
- २.१५ रिम: ३.५० आणि ९०/९० योग्य. १००/९० आणि ११०/९० बसतात, पण त्यांना २.५० रिम जास्त मानवते.
- २.५० रिम: १००/९०, ११०/९०.

अरुंद रिमवर जाड टायर चढतो, अडचण चढवण्यात नसते. अडचण आकारात होते. रिमच्या दोन्ही कडा टायरचे पाय जवळ ओढतात आणि वरचा भाग फुगून टोकदार होतो. सरळ रस्त्यावर मधली बारीक पट्टीच जमिनीला टेकते. म्हणजे जाड टायर घेऊन रस्त्यावरची पकड कमी झाली. ब्रेक दाबला की चाक लवकर घसरतं, टायर मधूनच झिजतो, आणि वळण घेताना गाडी एका क्षणी अडून मग एकदम पडल्यासारखी वाटते. आरएक्स १०० ला १००/९०-१८ टाकून "आता गाडी भारी दिसते" म्हणणाऱ्यांना हा त्रास पहिल्या पावसात कळतो. १.६० रिमवर हा टायर टाकूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सावधान: जाड टायरसाठी रिम बदलायची असेल तर ते वेगळं काम आहे. हबच्या छिद्रांची संख्या, आऱ्यांची लांबी आणि चाकाची मधली रेषा सगळं नव्याने बघावं लागतं. टायर घ्यायला गेल्यावर "रिमही बदलून टाकू" असं ठरवू नका.

## ४. चिमट्यातली जागा मोजा

याच टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. जुन्या टायरची रुंदी, सर्वांत फुगीर ठिकाणी, व्हर्नियरने घ्या. मग चाक हळूहळू फिरवत या पाच जागी मोकळं अंतर मोजा आणि लिहा:

१. डावीकडे चिमट्याची आतली बाजू
२. उजवीकडे चिमट्याची आतली बाजू
३. चेन किंवा चेन कव्हरची आतली भिंत
४. ब्रेकच्या बाजूचा टॉर्क आर्म (ब्रेकच्या प्लेटला फिरू न देणारी पट्टी) आणि ब्रेक रॉड
५. टायरच्या पुढे, चिमट्याचा आडवा पाइप

जुन्या स्प्लेंडरला चेन पूर्ण झाकणारं कव्हर असतं. ते उघडून आतल्या बाजूला टॉर्च मारा. तिथे टायरच्या उंचीवर काळी चकचकीत रेघ दिसली तर सध्याचाच टायर कधीतरी घासतो आहे. रेघ कमानीसारखी आणि गुळगुळीत असेल तर तो टायर. खडबडीत ओरखडे असतील तर ती सैल चेन. फरक ओळखा, कारण दुसऱ्यावर उपाय वेगळा आहे.

नवा टायर जितका रुंद, त्याचा निम्मा वाढीव भाग प्रत्येक बाजूला जातो. जुना ७५ मिमी आणि नवा ८२ मिमी असेल तर प्रत्येक बाजूचं अंतर ३.५ मिमीने कमी होईल. त्यानंतरही प्रत्येक बाजूला ८ ते १० मिमी उरलं पाहिजे. ५ मिमीच्या खाली कधीही नको. इतकी सवलत ठेवण्याची कारणं अशी: एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्ये ३-४ मिमीचा फरक सहज असतो, नायलॉनचा टायर चालायला लागल्यावर किंचित वाढतो, आणि जुन्या गाडीच्या चिमट्याच्या बुशला थोडा खेळ असतोच. चाक धरून आडवं हलवून पाहा. टक-टक जाणवली तर आधी बुश बदला, नाहीतर मोजलेलं अंतर वळणावर उरत नाही.

आता पाचवी जागा. हिच्यात फसायला होतं. चेन जुनी होते तसं चाक मागे ओढत जावं लागतं. तुम्ही मोजलंत तेव्हा एक्सल खाचेच्या मागच्या टोकाला असेल, तर टायर आणि आडव्या पाइपमध्ये ऐसपैस जागा दिसेल. पुढच्या महिन्यात नवी चेन बसली की एक्सल पुढे जाईल आणि टायर पाइपला टेकेल. म्हणून खाचेत एक्सल किती पुढे जाऊ शकतो ते मोजा आणि तेवढं अंतर वजा करून लिहा.

वरची जागा. मडगार्डच्या आत, टायरच्या बरोबर वर, ४-५ सेंमी उंचीची कणकेची गोळी चिकटवा. गाडी स्टँडवरून काढा. एकाने हँडल धरावं, दोघांनी सीटवर बसून जोरात खाली दाबावं. गाडी जागेवरच ठेवा, चाक फिरवू नका. मग गोळी काढून सर्वांत पातळ जागी जाडी मोजा. टायर अगदी खाली दबल्यावर एवढीच जागा उरते. गोळी चेपलीच नसेल तर वर भरपूर जागा आहे. खड्ड्यात शॉकअब याहून जास्त दबतात, म्हणून त्या जाडीतून आणखी १५ मिमी वजा करा. उरेल ते नव्या टायरच्या उंचीसाठी. मडगार्डच्या आत खाली डोकावणारे नट-बोल्ट हात फिरवून तपासा. जास्तीचा टायर बहुतेकदा त्यांनाच आधी लागतो आणि मधोमध खोल चर पडत जातो.

## ५. वजन: सारख्या मापाचे दोन टायर सारखे नसतात

स्प्लेंडरचे मूळ टायर दोन्हीकडे २.७५-१८, पण पुढचा ४ प्लाय, ४२ पी आणि मागचा ६ प्लाय, ४८ पी. प्लायचा आकडा म्हणजे टायरच्या आतल्या थरांची ताकद. माप एकच म्हणून पुढचा टायर मागे टाकला जातो. पुढचा थोडा स्वस्तही पडतो. ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून ती सर्वांत धोकादायक मानावी.

४२ आणि ४८ हे भाराचे आकडे आहेत. त्यांचे किलो असे: ४२ म्हणजे १५० किलो, ४७ म्हणजे १७५, ४८ म्हणजे १८०, ५२ म्हणजे २००, ५४ म्हणजे २१२, ५७ म्हणजे २३०. शेवटचं अक्षर वेगाचं: एल १२०, पी १५०, एस १८० किलोमीटर ताशी.

हिशोब करून पाहा. गाडी ११२ किलो, चालवणारा ७०, मागे बसणारा ७०, पिशवी १०. एकूण २६२ किलो. डबलसीट असताना सुमारे ६५ टक्के वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे १७० किलो. ४२ चा टायर १५० किलोंपर्यंतच तोलतो, ४८ चा १८० पर्यंत. पुढचा टायर मागे टाकला की रोजच्या डबलसीट प्रवासात तो मर्यादेबाहेर चालतो. बाजू तापते, आतले थर सुटतात आणि बाजूला फुगवटा येतो.

दुधाचे कॅन नेणाऱ्यांनी हा हिशोब जास्त काळजीने करावा. ४० लिटरचे दोन भरलेले कॅन, कॅनचं स्वतःचं वजन धरून, ९० किलोंच्या आसपास जातात आणि ते मागच्या एक्सलच्या बरोबर शेजारी लटकतात. म्हणजे जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर. चालवणाऱ्यासह गाडीचे १८० किलो धरले आणि त्यातले १०० मागे, तर एकूण १९० किलो. ४८ चा टायरही अपुरा पडतो. अशा गाडीला रिमला चालणाऱ्या मापातला ५२ किंवा ५४ भाराचा टायर शोधा. ८०/१००-१८ मध्ये ५४ पी मिळतो. माप वाढवून नव्हे, भाराचा आकडा वाढवून हा प्रश्न सुटतो.

तपासा: नव्या टायरचा भाराचा आकडा मूळ मागच्या टायरपेक्षा कमी नको. वेगाचं अक्षरही मूळपेक्षा खालचं नको.

## ६. उंची वाढली तर काय बदलतं

रिम इंचात असते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणून १८ इंची रिम ४५७ मिमी. त्यात टायरची उंची दोनदा मिळवा.

- २.७५-१८: सुमारे ५९७ मिमी (प्रत्यक्षात थोडा जास्त)
- ३.००-१८: सुमारे ६१० मिमी
- ८०/१००-१८: ६१७ मिमी
- ९०/९०-१८: ६१९ मिमी
- १००/९०-१८: ६३७ मिमी
- ३.२५-१९: सुमारे ६४८ मिमी
- ३.५०-१९: सुमारे ६६० मिमी

कागदावरच्या आकड्यापेक्षा खडूची खूण जास्त खरी. जुन्या टायरवर आणि जमिनीवर एकमेकांसमोर खूण करा, गाडी सरळ ढकला, टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चाकाचा एक फेरा. २.७५-१८ साठी ते १ मीटर ९० सेंटिमीटरच्या आसपास येतं. ३.१४ ने भागलं की खरा व्यास मिळतो.

व्यास २ टक्के वाढला तर गिअर तेवढाच लांब होतो. २.७५ वरून ३.०० ला जाताना इतका फरक पडतो आणि तो सोसतो. १००/९०-१८ ला तो जवळपास ७ टक्के होतो. १०० सीसीच्या गाडीला घाटात डबलसीट चढताना तो स्पष्ट कळतो: चौथ्याची जागा तिसरा घेतो आणि क्लच जास्त वापरावा लागतो.

बहुतेक जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकाला असते. मागचा टायर बदलून काट्यावर फरक पडत नाही. "मीटर बरोबर दाखवतोय म्हणजे टायर बरोबर आहे" हा अंदाज म्हणून चुकतो.

तपासा: गाडी मेन स्टँडवर असताना मागचं चाक जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. नव्या टायरची त्रिज्या त्याहून जास्त वाढत असेल तर चाक स्टँडवरही जमिनीला टेकेल आणि गाडी स्टँडवरून पुढे घसरेल.

## ७. ट्यूब की ट्यूबलेस

आऱ्यांच्या रिमला ट्यूब लागतेच. आऱ्यांच्या छिद्रांतून हवा जाते, आणि ट्यूबलेस रिमवर तार धरून ठेवणारा जो उंचवटा असतो तोही साध्या रिमवर नसतो. छिद्रं सीलंटने बुजवून ट्यूबलेस करण्याच्या फंदात पडू नका.

ट्यूबलेस टायर आत ट्यूब घालून आऱ्यांच्या रिमवर चालतो, मात्र पंक्चर झाल्यावर तो साध्या टायरसारखाच झटकन बसतो. ट्यूबलेसचा फायदा मिळत नाही, किंमत मात्र जाते.

ट्यूब नवीच घ्या. जुनी ट्यूब जुन्या टायरच्या आकाराला ताणलेली असते. नव्यात ती घडी खाते आणि घडीवरच पंक्चर होते. ट्यूबवर "२.७५/३.००-१८" अशी मापं लिहिलेली असतात, टायरचं माप त्यात हवं. रिमची पट्टीही (आऱ्यांची टोकं झाकणारी रबरी पट्टी) नवी घ्या. किरकोळ खर्च आहे.

## ८. दुकानात

वहीतलं माप सांगा आणि टायर हातात घेऊन स्वतः वाचा. या क्रमाने:

माप आणि रिमचा व्यास. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर. मग आयएसआय चिन्ह. दुचाकीच्या टायरसाठी त्यासोबत आयएस १५६२७ हा क्रमांक असतो. त्यानंतर उत्पादनाची तारीख: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुन्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात, म्हणून १९ इंची टायर घेणाऱ्यांनी हे पाहिलंच पाहिजे. बाजू अंगठ्याने वाकवा. केसासारख्या बारीक भेगा उमटल्या तर नक्षी कितीही कोरी असो, टायर परत करा.

नक्षी पाहा. लांब सरळ रेघांची नक्षी पुढच्या टायरची. मागे आडवे-तिरके गट्टे असलेली नक्षी घ्या. पुढचा टायर नायलॉनचा असेल तर मागेही नायलॉनचाच.

## ९. बसवताना

पंक्चरच्या दुकानात उभं राहून हे पाहायला लाजू नका.

१. जुना टायर उतरल्यावर रिमचा आतला गंज घासून काढा. आऱ्यांची टोकं वर आलेली असतील तर कानसीने सपाट करा, मग नवी पट्टी.

२. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने. ड्रम डावीकडे की उजवीकडे ते पाहूनच टायर रिमवर चढवा. उलटा चढला तर सगळं पुन्हा.

३. ट्यूबमध्ये गोल आकार येईल एवढीच हवा भरून ती आत घाला. तारेला साबणाचं पाणी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू देऊ नका, त्याने रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकतो.

४. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी चढवा, आणि त्या वेळी समोरची तार रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबलेली हवी. मग पत्तीला (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीला) जोर लागत नाही आणि ट्यूब चिमटत नाही. नंतर व्हॉल्व्ह आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब तारेखाली अडकली असेल तर मोकळी होते.

५. हवा भरत तार बसू द्या. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. टायरच्या कडेलगत एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी ती रिमखाली बुडली असेल तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. बुडलेल्या रेघेसह गाडी बाहेर काढली तर ती पहिल्या दिवसापासून उड्या मारत चालेल.

६. चाक चिमट्यात बसवताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे. जुन्या १०० सीसी गाड्यांना बहुतेक २० ते ३० मिमी. एक्सलचा नट कसल्यावर चेन पुन्हा तपासा, कसताना ती ताणली जाते.

सावधान: टॉर्क आर्मचा नट आणि त्यातली कॉटर पिन. घाईत हीच राहून जाते. ती नसली आणि नट सुटला तर ब्रेक दाबताच ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड तुटतो आणि चाक जागीच अडकतं. स्वतः वाकून पाहा, पिन आहे आणि तिची टोकं वाकवलेली आहेत. मग ब्रेकचा खेळ जुळवा.

हवा मॅन्युअलप्रमाणे. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाचे आकडे वेगळे असतात. कायम डबलसीट चालत असेल तर दुसरा आकडा धरा.

## १०. पहिले २०० किलोमीटर

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीत थर असतो. पहिले १५० ते २०० किलोमीटर जोरात ब्रेक आणि खोल वळणं टाळा, पावसात तर नक्कीच.

चिमट्याची आतली बाजू, चेन कव्हर आणि मडगार्डच्या आत खडू फासून ठेवा. ५० किलोमीटरनंतर, त्यात एकदा तरी डबलसीट खड्ड्यातून गेल्यावर, तिथे पाहा. खडू पुसलेली रेघ दिसली तर टायर घासतो आहे. कव्हर ठोकून आत-बाहेर करायच्या आधी चाक मधोमध आहे का, ते दोन्ही बाजूंनी मोजा. मधोमध असूनही घासत असेल तर टायर मोठा आहे, तो बदलावाच लागेल.

व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का तेही तेव्हाच पाहा. तो एका बाजूला कलला असेल तर टायर रिमवर सरकतो आहे आणि ट्यूबला ओढतो आहे. कारण बहुतेकदा कमी हवा किंवा तारेला लागलेलं तेल असतं. हवा सोडून व्हॉल्व्ह सरळ करून घ्या. तसाच चालवला तर तो मुळाशी फाटतो आणि त्या जागी पंक्चर काढता येत नाही.

२०० किलोमीटरनंतर हवा, आऱ्यांचा ताण, एक्सलचा नट आणि टॉर्क आर्मचा नट पुन्हा एकदा तपासा.